पाळकही आणि प्राध्यापकही: डिट्रिश बॉनहोफरचं करिअर, सोप्या भाषेत

पाळक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतो तो रविवारची उपासना घेणारा, लग्नं लावणारा, कुणी आजारी असलं की घरी प्रार्थनेला जाणारा माणूस, आणि प्रोफेसर म्हटलं की कॉलेजातला. हे दोन्ही एकच माणूस कसा काय, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय, खासकरून बॉनहोफर या जर्मन लुथरन पाळकाचं नाव निघालं की. नाव ऐकलेलं असतं, हिटलरविरुद्धच्या कटात होता आणि त्याला फाशी दिलं एवढंही माहीत असतं, पण हा माणूस पोटापाण्याला काय करायचा, त्याला पगार कोण द्यायचं, कामावरून काढायचा अधिकार कुणाचा होता, हे कुणी सांगत नाही. मला मनापासून वाटतं की आधी तेच समजून घ्यायला पाहिजे. त्याच्या आयुष्यात जे जे घडलं ते त्याच्या या दोन नोकऱ्यांच्या वाटेनेच घडलं.

सुरुवात लुथरपासून करू, कारण त्याशिवाय पुढचं लागणार नाही. लुथरन म्हणजे मार्टिन लुथर या सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारकाच्या शिकवणीवर उभी असलेली प्रॉटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणारी, ख्रिस्ती शाखा. आणि हा लुथर स्वतःच प्रोफेसर होता बरं का. १५१२ साली त्याने विटेनबर्गच्या विद्यापीठात डॉक्टरेट घेतली, मग तिथेच आयुष्यभर बायबल शिकवलं आणि त्याच गावच्या चर्चमध्ये प्रवचनंही दिली. १५१७ चे चर्चच्या कारभारावर बोट ठेवणारे ते प्रसिद्ध ९५ मुद्दे होते ना, ते मुळात विद्यापीठात चर्चेला घ्यायचे मुद्दे म्हणूनच मांडलेले. त्यामुळे लुथरन लोकांमध्ये पाळक म्हणजे शिकलेला माणूस, ज्याला बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून वाचता येतं, ही अपेक्षा पहिल्यापासून आहे. जर्मन पाळक उपासनेला जो लांब काळा झगा घालतात त्याचं नातंही विद्यापीठातल्या गाऊनशी आहे. तो झगा प्रशिया या तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्याच्या राजाने १८११ साली फर्मान काढून ठरवून दिला, आणि एकट्या पाळकांना नाही तर न्यायाधीशांनासुद्धा. म्हणजे राजाच्या नजरेत न्यायाधीश आणि पाळक एकाच रांगेतले, दोघंही सरकारचे सेवक.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे फार कामाचा आहे. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट भागांत जवळजवळ चारशे वर्षं त्या त्या प्रदेशाचा राजाच तिथल्या चर्चचा प्रमुख असायचा. १९१८ ला पहिलं महायुद्ध हरले, राजे गेले, तेव्हा कुठे ही व्यवस्था संपली. पण कागदावर संपली म्हणून माणसांच्या मनातून लगेच थोडीच जाते. त्यात लुथरची शिकवण अशी की देव जग दोन हातांनी चालवतो, एका हाताने चर्च आणि दुसऱ्या हाताने राज्यसत्ता, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करायची नाही. लुथरच्या डोक्यात हे पोपच्या राजकीय सत्तेविरुद्ध होतं, पण पुढच्या पिढ्यांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला की सरकार काहीही करो, पाळकाने गप्प बसायचं.

आता करिअर. जर्मनीत थिऑलॉजी, म्हणजे ईश्वरशास्त्र, शिकलेल्या माणसापुढे दोन शिड्या असतात. एक चर्चची: विद्यापीठाचं शिक्षण, मग चर्चची पहिली परीक्षा, मग एखाद्या अनुभवी पाळकाच्या हाताखाली उमेदवारी, मग दुसरी परीक्षा आणि शेवटी ऑर्डिनेशन, म्हणजे डोक्यावर हात ठेवून पाळकपणाची दीक्षा. दुसरी शिडी विद्यापीठाची: डॉक्टरेट करायची, पण तिथे तेवढ्याने शिकवायचा हक्क मिळत नाही, त्यासाठी आणखी एक मोठा प्रबंध लिहावा लागतो ज्याला ते हाबिलिटात्सिओन म्हणतात. तो पास झाला की माणूस प्रिवाटडोझेंट होतो, म्हणजे लेक्चर द्यायचा परवाना मिळतो, पण प्रोफेसरसारखा पक्का पगार नाही, कायमची खुर्ची नाही. ती मिळायला वर्षानुवर्षं वाट बघायची. आणि थिऑलॉजीचे हे विभाग सरकारी विद्यापीठांत, म्हणजे प्रोफेसर हा सरकारी नोकर. थोडक्यात, प्रवचनाची जागा चर्चच्या हातात आणि शिकवायची जागा सरकारच्या हातात.

बॉनहोफर दोन्ही शिड्या एकाच वेळी चढत होता, आणि धावतच.

जन्म ४ फेब्रुवारी १९०६, ब्रेस्लाऊ गावचा, जे आता पोलंडमध्ये व्रोत्सवाफ म्हणून आहे. आठ भावंडं, त्यात हा आणि त्याची बहीण साबीन जुळी. वडील कार्ल बॉनहोफर मोठे मनोविकारतज्ज्ञ, १९१२ ला बर्लिनच्या विद्यापीठात प्रोफेसर म्हणून आले म्हणून सगळं घरच बर्लिनला आलं. घरात विज्ञान आणि कायदा यांचं वातावरण, चर्चला नेमाने जाणारं घर नव्हतं, आईच्या माहेरी मात्र थिऑलॉजीची परंपरा होती. एक भाऊ वाल्टर १९१८ ला युद्धात गेला, आई त्या दुःखात कितीतरी काळ खचून होती. चौदाएक वर्षांचा असताना डिट्रिशने सांगून टाकलं की मी थिऑलॉजी करणार. भाऊ म्हणाले की चर्च ही काय दमदार संस्था आहे का, तर हा म्हणाला मग मी ती सुधारीन. पोरवयातलं बोलणं आहे, पण मला ते खरंच आवडतं.

१९२३ ला ट्युबिंगेन, मग बर्लिन. बर्लिनला तेव्हा आडोल्फ फोन हार्नाकसारखा दिग्गज इतिहासकार होता, शिवाय बॉनहोफरच्या घराजवळच राहायचा. डॉक्टरेट १९२७ च्या डिसेंबरात झाली, वय २१. प्रबंधाचा विषय काय तर मंडळी, म्हणजे चर्चमध्ये एकत्र येणारा ख्रिस्ती समुदाय, ही नक्की काय आहे, ती नुसती माणसांची संस्था आहे का त्यापलीकडे काही आहे. त्याचं उत्तर सोप्या शब्दांत असं की ख्रिस्त आज जगात कुठे भेटतो, तर माणसांच्या एकत्र जगण्यात, एकमेकांची ओझी उचलण्यात. पुढच्या आयुष्यात त्याने जे जे केलं त्याचं बी इथे आहे असं मला तरी वाटतं, फक्त एकवीस वर्षांच्या पोराने ते इतक्या जड जर्मनमध्ये लिहिलंय की वाचताना घाम फुटतो.

मग १९२८ ला उमेदवारीसाठी बार्सिलोनाला, तिथल्या जर्मन लोकांच्या मंडळीत. व्यापारी, कारकून, नोकरी गेलेले, घरी परतायला पैसे नसलेले असे सगळे जर्मन तिथे. मुलांची उपासना सुरू केली तर पहिल्या रविवारी फक्त एक मूल आलं, पण हा घरोघर गेला आणि मग खोली भरायला लागली. परत येऊन १९३० च्या उन्हाळ्यात एकाच महिन्यात चर्चची दुसरी परीक्षाही दिली आणि हाबिलिटात्सिओनही पूर्ण केलं. आणि इथे अडकला, कारण पाळक व्हायला किमान वय पंचवीस आणि हा चोवीसचा. मग त्या मोकळ्या वर्षात स्कॉलरशिपवर न्यूयॉर्कला युनियन सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, गेला.

न्यूयॉर्कचं वर्ष वरवर बघितलं तर करिअरमधली मोकळी जागा वाटते, पण तिथेच त्याच्यात काहीतरी हललं. तिथल्या वर्गांवर तो फारसा खूश नव्हता, त्याला वाटायचं इथे थिऑलॉजी कमी आणि समाजकार्याची चर्चा जास्त. पण फ्रँक फिशर नावाचा कृष्णवर्णीय सहाध्यायी त्याला हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या, अबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये घेऊन गेला, आणि हा मग तिथे दर रविवारी जायला लागला, संडे स्कूल घ्यायला लागला. गोऱ्या माणसांच्या त्या चकचकीत शहरात ज्यांना हॉटेलात बसू देत नव्हते त्यांच्यात बसून त्याने सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, ऐकली. परत जाताना त्यांच्या भक्तिगीतांच्या ग्रामोफोन रेकॉर्ड्स बरोबर घेऊन गेला, त्या पुढे कुठे वाजल्या ते सांगतोच. आणि जाँ लासेर नावाचा एक फ्रेंच मित्र तिथे भेटला, त्याने येशूचं डोंगरावरचं प्रवचन अक्षरशः पाळायचं असतं, शत्रूवर प्रेम म्हणजे खरंच शत्रूवर प्रेम, हे याच्या डोक्यात घातलं. भाऊ ज्या युद्धात मेला त्याच युद्धात समोरच्या बाजूला असलेल्या देशाचा हा मित्र.

१९३१ ला परतला. ऑगस्टपासून बर्लिन विद्यापीठात शिकवायला सुरुवात, १५ नोव्हेंबरला बर्लिनच्या सेंट मॅथ्यू चर्चमध्ये ऑर्डिनेशन. आता दोन्ही शिड्यांवर पाय पक्का. सकाळी लेक्चर, शिवाय टेक्निकल कॉलेजात विद्यार्थ्यांचा पाळक, शिवाय बर्लिनच्या उत्तरेकडच्या कामगार वस्तीत दृढीकरणाचा वर्ग. दृढीकरण म्हणजे बाळपणी बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी, झालेल्या मुलांनी तेरा-चौदाव्या वर्षी आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा विधी, त्याची आधी तयारी करून घेतात. हा वर्ग पन्नासेक पोरांचा आणि इतका दांडगा की आधीचे म्हातारे पाळक टेकीला आले होते. पहिल्या दिवशी दोघं जिना चढतायत तर वरून पोरं कायकाय टाकतायत आणि नव्या मास्तरच्या नावाचा पहिला तुकडा घेऊन "बॉन, बॉन" असं ओरडतायत. म्हातारे पाळक गेले निघून. हा भिंतीला टेकून हात खिशात घालून नुसता उभा, मिनिटं गेली, मग अगदी हळू आवाजात पुढच्या ओळीतल्यांना ऐकू येईल एवढंच हार्लेमच्या गोष्टी सांगायला लागला. मागचे आपोआप गप्प. पुढे त्याने त्याच वस्तीत खोली भाड्याने घेतली, पोरं संध्याकाळी कधीही यायची, आणि दृढीकरणाला घालायला धड कपडे नसलेल्यांसाठी कापडाचा तागा आणून सगळ्यांना वाटला. नुसता विद्यापीठात राहिला असता तर हे घडलं नसतं, आणि नुसता पाळक असता तर ख्रिस्त कोण आहे यावर १९३३ च्या उन्हाळ्यात त्याने जी लेक्चर्स दिली ती झाली नसती. एकच माणूस दोन्हीकडे असला की एकीकडचा प्रश्न तो दुसरीकडे घेऊन जातो.

आणि मग ३० जानेवारी १९३३, हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख. दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारीला, बॉनहोफरचं रेडिओवर भाषण होतं. विषय तरुण पिढी आणि नेता ही कल्पना, सांगणं असं की जो नेता स्वतःला देवाच्या जागी बसवतो तो लोकांना फसवतो. भाषण संपायच्या आधीच प्रक्षेपण तुटलं.

आता ७ एप्रिलचा कायदा समजून घ्या. ज्यू वंशाच्या माणसांना सरकारी नोकरीतून काढायचं असा तो कायदा, त्यातल्या त्या कलमाला आर्यन परिच्छेद म्हणतात. मग प्रश्न आला की हे चर्चला लागू करायचं का? म्हणजे ज्याचे आजी-आजोबा ज्यू होते पण जो बाप्तिस्मा घेऊन पाळक झालाय, त्याला काढायचं? 'जर्मन ख्रिश्चन' म्हणवणारा गट म्हणत होता हो, काढा. जुलैमधल्या चर्चच्या निवडणुका याच गटाने जिंकल्या आणि सप्टेंबरात प्रशियाच्या चर्चने खरंच ते कलम स्वीकारलं. बॉनहोफरचं म्हणणं साधं होतं: बाप्तिस्म्याने माणूस मंडळीत येतो, रक्ताने नाही, आणि ज्या दिवशी चर्च रक्त तपासून माणसं घ्यायला लागेल त्या दिवशी ते चर्च राहणार नाही. एप्रिलमध्येच त्याने एक लेख लिहिला होता की सरकार अन्याय करत असेल तर चर्चने काय करायचं. एक, सरकारला जाब विचारायचा. दोन, ज्यांच्यावर अन्याय झालाय त्यांना मदत करायची, मग ते ख्रिश्चन असोत नसोत. आणि तीन, गाडीच्या चाकाखाली आलेल्यांना नुसती मलमपट्टी न करता वेळ आली तर त्या चाकालाच अडसर घालायचा. लुथरन पाळकाने १९३३ साली हे लिहिणं किती मोठी गोष्ट होती ते वरचा चारशे वर्षांचा इतिहास आठवला की कळेल.

पण इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्याच एप्रिलमध्ये जुळ्या बहिणीचे सासरे वारले. ते ज्यू होते, बाप्तिस्मा झालेला नव्हता. घरच्यांनी डिट्रिशला विचारलं की अंत्यविधीला तू बोलशील का. त्याने वरिष्ठांचा सल्ला घेतला, वरिष्ठ म्हणाले आत्ता नको, आणि याने नाही म्हणून सांगितलं. काही महिन्यांनी त्याने बहिणीला आणि मेव्हण्याला पत्र लिहून माफी मागितली, मी तेव्हा इतका घाबरलो कसा हेच मला कळत नाही अशा अर्थाचं. नोकरीच्या शिडीवर असलेला माणूस वरिष्ठांकडे बघतो हे त्यालाही चुकलं नाही. नव्वदीची त्याची आजी युली मात्र १ एप्रिलच्या बहिष्काराच्या दिवशी वाट अडवून उभ्या असलेल्या नाझी पोरांमधून सरळ चालत ज्यू दुकानात खरेदीला गेली होती.

ऑक्टोबर १९३३ ला तो लंडनला गेला, तिथल्या दोन जर्मन मंडळ्यांचा पाळक म्हणून, एक सिडनहॅमची आणि एक ईस्ट एंडमधली सेंट पॉलची. यावर कार्ल बार्थ, म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा प्रॉटेस्टंट थिऑलॉजियन, जाम चिडला, त्याने पत्र लिहून झाडलं की घर पेटलेलं असताना तू तिकडे काय करतोयस, पुढच्या बोटीने परत ये. मला बार्थचा राग समजतो, पण लंडनमध्ये याने वेळ फुकट घालवला नाही. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांच्याशी त्याची मैत्री झाली आणि जर्मनीत चर्चचं काय चाललंय ते बाहेरच्या जगाला याच वाटेने कळत राहिलं. दरम्यान मे १९३४ ला बार्मेन गावी विरोधातल्या पाळकांची सभा झाली, बार्थनेच लिहिलेला जाहीरनामा मंजूर झाला की चर्च ख्रिस्ताशिवाय दुसऱ्या कुणाचा शब्द अखेरचा मानणार नाही. त्यातून कन्फेसिंग चर्च, म्हणजे नाझींच्या ढवळाढवळीला विरोध करणाऱ्या पाळकांचं आणि मंडळ्यांचं चर्च, उभं राहिलं.

आणि याच काळात त्याच्या आयुष्यात आपला भाग डोकावून जातो. बॉनहोफरला गांधीजींकडे यायचं होतं. अहिंसेने प्रतिकार कसा करतात आणि आश्रमात लोक एकत्र शिस्तीने कसं राहतात हे त्याला पुस्तकातून नाही, राहून बघायचं होतं. आजीनेही आधी सुचवलं होतं की भारत बघून ये. बिशप बेलनी गांधीजींना त्याच्यासाठी पत्र लिहिलं आणि गांधीजींनी १ नोव्हेंबर १९३४ ला त्याला उत्तर पाठवलं की जरूर या, मी तुरुंगाबाहेर असलो आणि एका जागी असलो तर माझ्याबरोबर राहता येईल. गांधीजींचा मुक्काम तेव्हा वर्ध्याला होता. म्हणजे हा जर्मन पाळक वर्ध्याच्या उन्हात सूत कातताना दिसला असता, आणि मला हे वाचल्यापासून ते चित्र डोक्यातून जात नाही. पण तो आला नाही, कारण तेवढ्यात घरून बोलावणं आलं: कन्फेसिंग चर्चला स्वतःच्या पाळकांना शिकवायला सेमिनरी काढायची आहे, ती तू चालव.

एप्रिल १९३५ ला बाल्टिक समुद्राच्या काठी झिंग्स्टला आणि जूनपासून स्टेटिनजवळ फिंकेनवाल्डेला ही सेमिनरी सुरू झाली. वीस-पंचवीस तरुण, सगळे विद्यापीठ करून आलेले. दिवसाची सुरुवात आणि शेवट एकत्र प्रार्थनेने, सकाळी अर्धा तास बायबलच्या एकाच उताऱ्यावर शांत मनन, आणि एक नियम असा की जो माणूस समोर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही, चुकून बोललात तर त्याला जाऊन सांगायचं. हा शेवटचा नियम पाळून बघा एक आठवडा, काय अवघड आहे ते कळेल. सुरुवातीच्याच दिवसांत स्वयंपाकघरातून हाक आली की कुणीतरी भांडी घासायला या, कुणी उठेना, तर हा डायरेक्टर स्वतः आत गेला, दार लावून घेतलं आणि एकटाच घासत बसला, पोरं दार वाजवत राहिली. आणि संध्याकाळी हार्लेमहून आणलेल्या त्या रेकॉर्ड्स तिथे वाजायच्या, नाझी जर्मनीत, कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं.

या पोरांचं भवितव्य काय होतं? अधिकृत चर्च त्यांना मानत नव्हतं. डिसेंबर १९३५ च्या सरकारी आदेशाने तर कन्फेसिंग चर्चने घेतलेल्या परीक्षा आणि दिलेली दीक्षा बेकायदेशीरच ठरली. म्हणजे पक्की नोकरी नाही, राहायला पाळकाचं घर नाही, पेन्शन नाही, वर कधीही अटक. आणि तरी ती तिथे शिकत होती. मी जेव्हा त्यांच्या शिडीचा विचार करतो तेव्हा वाटतं की बॉनहोफरपेक्षा यांचं धैर्य काही कमी नव्हतं, त्याच्या मागे निदान मोठं घराणं होतं.

या वर्गात जे शिकवलं त्यातूनच १९३७ चं शिष्यत्वावरचं पुस्तक आलं, आणि त्यातली 'स्वस्त कृपा' ही कल्पना. जरा थांबून समजून घेऊ. लुथरन विश्वासाचा गाभा असा की माणूस स्वतःच्या पुण्याने देवापुढे उभा राहू शकत नाही, देव त्याला कृपेने, विश्वासाच्या द्वारे, नीतिमान ठरवतो. फुकट. बॉनहोफर हे नाकारत नाही, तो पक्का लुथरन आहे. तो म्हणतो की आपण या फुकटचा अर्थ सवंग असा करून ठेवलाय. पश्चात्ताप नको, बदल नको, शेजाऱ्याला पोलीस घेऊन जात असतील तरी खिडकी लावून घ्यायची आणि रविवारी क्षमा घेऊन यायची. ही स्वस्त कृपा. खरी कृपा महाग असते कारण देवाला तिच्यासाठी पुत्राचा जीव मोजावा लागला, आणि जो ती घेतो त्याला ख्रिस्ताच्या मागे चालत जावं लागतं. लुथर मठ सोडून जगात परत आला तो जग सोपं आहे म्हणून नव्हे, तर शिष्याचं आयुष्य भर बाजारात जगणं मठापेक्षा कठीण आहे म्हणून, असं त्याचं वाचन. चारशे वर्षांची सवय झालेल्या लुथरन लोकांना लुथरच्याच शब्दांत जागं करणं, हे प्रोफेसरचं काम त्याने सेमिनरीच्या खोलीत बसून केलं.

आता त्याच्या हातातून एकेक परवाना कसा गेला ते बघा. ५ ऑगस्ट १९३६ ला बर्लिन विद्यापीठाने, म्हणजे सरकारने, शिकवायचा हक्क काढून घेतला, त्याच वर्षी तो विद्यार्थ्यांना परवानगी न घेता स्वीडनच्या दौऱ्यावर घेऊन गेला होता हे निमित्त झालं. प्रोफेसर ही पदवी त्याला मिळाली नव्हतीच, आता ती शक्यताही गेली. १९३७ च्या सप्टेंबरात गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, फिंकेनवाल्डेला कुलूप लावलं, वर्ष संपेपर्यंत त्याचे २७ माजी विद्यार्थी अटकेत गेले. मग त्याने युक्ती केली. पोमेरेनियातल्या खेड्यांत विद्यार्थी कागदोपत्री वेगवेगळ्या पाळकांचे मदतनीस म्हणून नोंदवले आणि प्रत्यक्षात आठवडाभर दोन ठिकाणी एकत्र ठेवून शिकवत राहिला, हा प्रकार मार्च १९४० पर्यंत चालला. जानेवारी १९३८ ला बर्लिनमध्ये काम करायची बंदी. १९४० ला जाहीर बोलायची बंदी. १९४१ ला छापायची बंदी. वर्ग गेला, प्रवचन गेलं, लेखणीही गेली.

मधे जून १९३९ ला मित्रांनी त्याला अमेरिकेत काढून नेलं होतं. न्यूयॉर्कला शिकवायचं काम तयार होतं, जीव वाचला होता, करिअर नव्याने सुरू झालं असतं. महिनाभर तळमळला आणि जुलैत परत गेला. राइनहोल्ड नीबर या तिथल्या प्रोफेसरला त्याने कळवलं की हा कठीण काळ मी माझ्या लोकांबरोबर काढला नाही तर युद्धानंतर जर्मनीत ख्रिस्ती जीवन पुन्हा उभं करायला मला काही हक्क राहणार नाही.

परतल्यावर मेव्हणा हान्स फोन डोनान्यीने त्याला लष्करी गुप्तहेर खात्यात, आबवेअरमध्ये, घेतलं. वरवर सरकारसाठी काम, आतून कटात सहभाग, कारण त्या खात्याच्या वरच्या वर्तुळातच हिटलरविरोधी माणसं होती. चर्चच्या ओळखींच्या नावाखाली परदेशात जायचं आणि निरोप पोचवायचे, १९४२ ला स्वीडनमध्ये बिशप बेलना भेटून कटवाल्यांची नावं सांगितली ती अशीच. चौदा माणसांना, बहुतेक ज्यू वंशाची, गुप्तहेर म्हणून स्वित्झर्लंडला पाठवून वाचवलं त्या कामातही तो होता. शत्रूवर प्रेम करा शिकवणारा पाळक खुनाच्या कटात कसा, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच पाहिजे. बॉनहोफरने स्वतः कधी म्हटलं नाही की हे पाप नाही. त्याचं म्हणणं असं की कधीकधी हात स्वच्छ ठेवणं हाच स्वार्थ असतो, तेव्हा दोष अंगावर घ्यायचा आणि देवाच्या दयेवर सोडायचं. मला हे पटतं, पण हे कुणाच्याही हातात द्यावं असं तत्त्व नाही, आणि त्यानेही ते तसं दिलं नाही.

५ एप्रिल १९४३ ला अटक, जानेवारीतच मारिया फोन वेडेमायरशी लग्न ठरलं होतं. टेगेलच्या तुरुंगात दीड वर्ष. तिथून फिंकेनवाल्डेचा जुना विद्यार्थी एबरहार्ड बेटगे याला त्याने जी पत्रं लिहिली तीच आज सगळ्यात जास्त वाचली जातात. ३० एप्रिल १९४४ च्या पत्रात तो विचारतो, आज आपल्यासाठी ख्रिस्त खरं म्हणजे कोण आहे? आणि मग धर्माशिवायचं ख्रिस्तीपण असा शब्द वापरतो, ज्यावरून फार गैरसमज होतात. तो प्रार्थना सोडा म्हणत नाही, तुरुंगात रोज स्तोत्रं वाचत होता. तो तेव्हा भौतिकशास्त्रावरचं एक पुस्तक वाचत होता आणि म्हणत होता की जिथे आपल्याला कळत नाही तिथली फट भरायला देव आणायचा ही सवय सोडा, कारण ज्ञान वाढलं की फट लहान होत जाते आणि देवही मागे मागे सरकत जातो. देव माणसाच्या हतबलतेच्या टोकाला नको, आयुष्याच्या मधोमध हवा, जिथे आपण धडधाकट असतो, काम करतो, प्रेम करतो.

२० जुलै १९४४ चा हिटलरला मारायचा कट फसला, सप्टेंबरात त्सोसन गावी कटवाल्यांच्या लपवलेल्या फायली सापडल्या, मग गेस्टापोचं तळघर, बुखेनवाल्डची छळछावणी, आणि शेवटी बव्हेरियातल्या शेनबर्ग गावच्या शाळेत कैद्यांबरोबर. ८ एप्रिल १९४५, रविवार. सोबतच्या कैद्यांनी उपासना घे म्हटलं. त्यात कॅथलिक होते, एक सोव्हिएत अधिकारी होता ज्याचा देवावर विश्वास नव्हता, म्हणून हा आधी संकोचला, पण त्या अधिकाऱ्यानेही घे म्हटल्यावर घेतली. बायबलमधल्या यशयाच्या ५३ व्या अध्यायातल्या वचनावर बोलला, त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हाला आरोग्य मिळाले. ना झगा, ना वेदी, ना मंडळी म्हणावी अशी मंडळी. प्रार्थना संपते न संपते तोच दोन माणसं दारात आली. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी. वय ३९. भाऊ क्लाउस, मेव्हणे डोनान्यी आणि रुडिगर श्लायशर यांनाही त्याच महिन्यात मारलं. २७ जुलैला लंडनमध्ये बिशप बेलनी स्मरणाची उपासना घेतली ती बीबीसीने प्रक्षेपित केली आणि बर्लिनमध्ये म्हाताऱ्या आईवडिलांनी ती रेडिओवर ऐकली.

त्याच्या चर्चला मात्र हा आपला हुतात्मा वाटायला वेळ लागला, कारण तो विश्वासासाठी नाही तर राजकीय कटासाठी मेला असं बरेच पाळक म्हणत राहिले. आणि ती तुरुंगातली पत्रं? बेटगेने बरीचशी गॅस मास्कच्या पत्र्याच्या डब्यांत घालून श्लायशरांच्या घरामागच्या बागेत पुरून ठेवली होती. युद्ध संपल्यावर ती उकरून काढली, आणि १९५१ ला छापली.